वर्षभराची धार

माझ्या मामांना बाजारगल्लीत कोणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना तोंडावर 'वस्ताद' आणि पाठीमागे 'पुढच्यावर्षी' म्हणत. मामा धार लावायचे. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, घरोघरच्या सुऱ्या, झाडं छाटायची हत्यारं, जे येईल ते. काम झालं की हत्यार फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हं, आता पुढच्या वर्षी या." लोक हसत. पण ते हत्यार खरोखरच वर्षभर बोथट होत नसे.

त्यांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला न्हावी, आणि मधे मामा, त्यांचं पायाने फिरवायचं चाक, पाण्याचं घमेलं, धारेचे दोन दगड आणि खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा. गिऱ्हाईक आत मावत नसे. ते रस्त्यावर उभं राहायचं आणि ठिणग्या बघायचं. मी गावाकडून आलो की तिथेच पायरीवर बसायचो. मामा चाकावर पातं टेकवायचे ते अगदी थोडा वेळ. खरं काम त्यापुढे. आधी खरबरीत दगड, मग मऊ दगड, मग चामडं. कात्रीची दोन पाती एकमेकांना एकाच ठिकाणी भेटली पाहिजेत आणि ती भेट मुठीपासून टोकापर्यंत चालत गेली पाहिजे, असं ते म्हणायचे. त्यासाठी ते स्क्रू केसभर पिळायचे, कात्री कानाशी धरून मिटायचे, मान हलवायचे, पुन्हा केसभर सोडायचे. एका कात्रीला कधीकधी अख्खी सकाळ जायची.

आणि पैसे मिळायचे ते नगावर. जितकी हत्यारं, तितके पैसे.

ह्यातली गोम मामीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळली होती. पुलाखाली आणखी एक धारवाला होता. त्याचं चाक मोटारीवर फिरायचं. पातं टेकवलं, सर्र केलं, घ्या. त्याची धार महिनाभर टिकायची आणि त्याचं गिऱ्हाईक महिन्याने पुन्हा दारात. मामी म्हणायची, "त्याच्या धारेवर दोन मजले उभे राहिले. आपण तुमच्या धारेवर उभे आहोत, तेही एका पायावर."

"तो धार लावत नाही, हत्यार संपवतो," मामा म्हणायचे.

"आणि तुम्ही आपल्याला संपवता."

मामा हसायचे. मामीही हसायची. तरुणपणी अशी भांडणं जेवणाला तोंडी लावण्यासारखी असतात, त्यांनी पोट बिघडत नाही. मामी एका मोठ्या इमारतीत जिने पुसायची, मामा धार लावायचे, आणि भाड्याच्या एका खोलीत त्यांचा संसार नीट चालला होता. शिल्लकही पडली होती थोडी. त्या शिलकीने लेकीचं शिक्षण पाहिलं, मामीचं ऑपरेशन पाहिलं आणि समाधानाने डोळे मिटले.

मग मामांचा अंगठा आखडला.

आधी सकाळी आखडायचा, उन्हात सुटायचा. पुढे सुटेना. मामा सुरी चार बोटांत धरू लागले. एकदा चाकावरून सुरी उडाली आणि न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीत जाऊन रुतली. न्हावी बाहेर येऊन म्हणाला, "वस्ताद, माझं दुकान बंद करायचं असेल तर तोंडाने सांगा की." पण त्याच संध्याकाळी त्याने मामीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, वहिनी, ह्यांना दवाखान्यात न्या.

डॉक्टरीणबाईंनी हात दाबून पाहिला. म्हणाल्या, "चाकाचा हादरा ह्या सांध्यांना आता सोसणार नाही. हळूहळू कमी करा, पण वर्षाच्या आत चाक बंद झालं पाहिजे. नाहीतर पुढे ह्या हाताने घासही उचलता येणार नाही."

"मग खायचं काय?" मामीने विचारलं.

बाई भल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. "ते मी कसं सांगू, मावशी?"

नोकरी असती तर पेन्शन असती. पण कोणाची नोकरी आणि कसली पेन्शन! चाक थांबलं की कमाई थांबली. मामीच्या एकटीच्या पगारात खोलीचं भाडं निघालं असतं किंवा जेवण, दोन्ही नाही. शिवाय मामीचंही वय झालं होतं. तिच्या मुकादमाने तिला सांगून ठेवलं होतं, जिने चढताना धाप लागते ती साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका.

बातमी कळली तशी लेक आली. ती लांबच्या शहरात हॉस्पिटलात परिचारिका. बाळ तीन महिन्यांचं, दोन लहान खोल्या, त्यात नवरा आणि सासूबाई. मीही गावाहून आलो होतो. चौघं खोलीत बसलो, बाळ मामीच्या मांडीवर. लेक बोलायच्या आधी पाणी प्यायली.

"आई, बाळ वर्षाचं झालं की मला कामावर जावं लागेल. तेव्हा तू माझ्याकडे ये. बाळाला बघायला मला तू हवीच आहेस."

"आणि हे?" मामी म्हणाली.

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी लगेच म्हणालो, "मामा माझ्याकडे. त्यात विचारायचं काय? गावात मोकळी हवा आहे, घर मोठं आहे."

सगळे प्रेमानेच बोलत होतो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण बोलून झाल्यावर जो तो बाळाकडेच बघायला लागला. मामा म्हणाले, "बरोबर आहे. सोयीचं आहे. मी अधूनमधून येईनच की भेटायला."

मामी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत म्हणाली, "हो. पाहुण्यासारखे या. येताना पिशवीत फळं आणा."

त्या दिवसापासून मामीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वर्षाच्या आत काहीतरी झालं पाहिजे, नाहीतर एक इकडे आणि एक तिकडे. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाला टोमणे मारले, त्याला सोडून टोमणे मारायचे तरी कोणाला?

तिने पहिला उपाय काढला तो सरळ होता. "अहो, हात आहे तोवर थोडी कमी धार लावा. जरा बोथट. लोक लवकर परत येतील. वर्षभरात चार पैसे बाजूला पडतील."

मामा तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने चोरी करायला सांगितलं होतं. पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनाही फळांच्या पिशवीचं ते बोलणं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याची मोठी कात्री आली. मामांनी चाक केलं, दोन्ही दगड केले आणि चामड्याच्या पट्ट्याला हात न लावता कात्री फडक्यात गुंडाळली. देताना 'पुढच्या वर्षी या' म्हणाले नाहीत. नुसतं "या" म्हणाले.

सकाळी शिंपीमास्तर दुकान उघडायला आले तर मामा त्यांच्या फळीवर बसलेले.

"मास्तर, कात्री द्या. परत करून देतो."

"का? कापते की छान!"

"तुम्हाला वाटतं छान."

"अहो, काल सहा पँटी कापल्या मी."

"द्या म्हणतो ना."

त्या आठवड्यात त्यांनी असं चार जणांच्या बाबतीत केलं. आदल्या दिवशी मन घट्ट करून कमी धार लावायची आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन हत्यार मागून आणायचं, फुकट नीट करून द्यायचं, शिवाय उशीर झाल्याबद्दल माफी मागायची. एका बाईंच्या घरी तर सुरी मागायला गेले तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. मामा दारात उभे राहिले, भाजी चिरून होईपर्यंत.

मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "धन्य आहे! पूर्वी एका धारेचे पैसे मिळायचे. आता दोन धारा लावता आणि एकीचेच पैसे घेता. वाईट काम करायलाही अक्कल लागते, तीही तुमच्याकडे नाही."

"नाहीच आहे," मामा म्हणाले. आणि दोघं हसले. पण ह्या वेळचं हसणं लवकर संपलं.

दुसरा उपाय मामीला जिन्यात सापडला. ती पुसायची त्या इमारतीत एक जुनी लिफ्ट होती. तिच्या देखभालीला एक लिफ्टवाला महिन्यातून एकदा यायचा. दार उघडायचा, वंगण घालायचा, दोन बटणं दाबून बघायचा आणि वॉचमनजवळ बसून चहा प्यायचा. मामीने त्याला कधी घामाघूम झालेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिने बादली खाली ठेवली आणि विचारलं, "काय हो भाऊ, लिफ्ट तर कधी बंद पडत नाही. मग तुम्हाला पैसे कशाचे मिळतात?"

"बंद पडत नाही ह्याचेच, मावशी," तो म्हणाला. "वर्षाचं ठरलेलं असतं. चालू राहिली की माझे पैसे हलाल. रोज बंद पडायला लागली तर मला काढून टाकतील."

मामी सांगते, तिने उरलेले दोन मजले कसे पुसले ते तिला आठवत नाही. पुसले की नाही तेही आठवत नाही. ती तडक बाजारगल्लीत आली, ओल्या पदराने, आणि रस्त्यावरूनच मामांना म्हणाली, "त्याची लिफ्ट बिघडत नाही म्हणून त्याला पैसे मिळतात. तुमची धार बिघडत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाहीत. आपण जन्मभर चुकीची वस्तू विकली!"

"काय विकली?"

"तुम्ही धार लावणं विकलंत. धार असणं विकायला हवं होतं."

मामांना ते पटायला दोन दिवस लागले, आणि पटल्यावर तोंडाने मागायला जमेना. "न केलेल्या कामाचे पैसे मागू लोकांकडे?"

"न केलेल्या कामाचे नाही. न बिघडलेल्या हत्याराचे."

"लोक हसतील."

"हसू देत. लोक हसले म्हणून आपण वेगळ्या गावांना जायचं नाही."

शेवटी मामीच पुढे झाली. शिंपीमास्तरांच्या दुकानात ती बोलायला उभी राहिली आणि मामा तिच्या मागे, नवऱ्यामुलासारखे खाली बघत. तिने सांगितलं ते असं. मास्तरांच्या आणि त्यांच्या कारागिरांच्या सगळ्या कात्र्यांची काळजी आमची. महिन्यातून एकदा हे स्वतः येतील, बघतील, हात फिरवून जातील. कात्री कधी बोथट होणार नाही. महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, काम पडो न पडो.

मास्तर टेपचं एक टोक बोटाला गुंडाळत राहिले. बाजारातला माणूस, हिशोब त्याच्या श्वासात असतो. "वहिनी, ह्यात माझा खर्च वाढतो," ते म्हणाले. मामा मागच्या मागे वळायलाच लागले होते. "थांबा हो वस्ताद, पुरतं ऐका. मी वर्षातून एकदा तुमच्याकडे येतो, एका धारेचे पैसे देतो आणि वर्ष काढतो. हे मला कधीचं टोचतंय. पण तुम्ही मागितलं नाही, मी दिलं नाही. फुकट मिळतंय ते कोण कशाला बोलून दाखवेल? आज वहिनींनी विचारलं, तर आता मला टोचायचं थांबेल. ह्या कारागीर पोरांच्या कात्र्याही देतो. त्या पुलाखाली जातात आणि दर खेपेला बारीक होऊन येतात."

मामा नुसते "बरं, बरं" म्हणाले आणि तिथली एक कात्री उचलून उगाच मिटू-उघडू लागले.

न्हावी म्हणाला, "माझं हो धरा, पण एक अट. सुरी पुन्हा पाटीत आली तर त्या महिन्याचे पैसे नाहीत." खाटकाने मात्र साफ नाही म्हणून सांगितलं. तो आपले सुरे आपणच घासतो, त्याच्या बापानेही घासले होते. एका कापडवाल्याने हो म्हटलं आणि दुसऱ्याच महिन्यात तोंड चुकवलं. पण एका मोठ्या खानावळीच्या मालकाने ऐकलं आणि आपणहून निरोप पाठवला, आमच्या मुदपाकखान्यात रोज पोतंभर कांदा चिरतात, आम्हाला का वगळलं? त्याच्यामागे एक रोपवाटिका आली, एक चपलांचा कारखाना आला. दहा-बारा ठिकाणं झाली. कोणाकडून किती आणि कधी, सगळं मामीच्या डोक्यात. लिहून ठेवायची तिला कधी गरज पडली नाही.

आणि मग एक गोष्ट घडली, जी दोघांपैकी कोणालाच आधी सुचली नव्हती. दर महिन्याला हात फिरत असल्यामुळे हत्यारं बोथट व्हायचीच थांबली. आणि जे पातं बोथट होत नाही त्याला चाक लागत नाही. मऊ दगडाचे दहा-वीस हात, वर चामडं, झालं. दोन-तीन महिन्यांत चाक ओळीने आठ-आठ दिवस फिरेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत अजून बाकी होती तेव्हाच मामांनी ते गोणपाटात बांधून ठेवलं. चाक नाही तर दुकान कशाला? त्या फटीचंही भाडं होतंच. ते वाचलं. मामा आता पिशवीत दगड आणि पट्टा घेऊन घरोघर, दुकानोदुकानी फिरू लागले. जातील तिथे त्यांच्यासाठी स्टूल निघायचं, चहा यायचा. चामड्यावर पातं ओढायचं काम अंगठ्याला जड जायचं. ते मामी शिकली. जिने पुसून झाले की ती त्यांना वाटेत गाठायची.

"हात हलका ठेव," मामा सांगायचे.

"इतकी वर्षं तुमच्याशी हात हलकाच ठेवला, म्हणून तुम्ही शाबूत आहात," मामी म्हणायची, आणि सगळं दुकान हसायचं.

चैन नव्हती. एखाद्या महिन्यात कोणी उशिरा द्यायचं आणि मामीचा चेहरा उतरायचा. औषधं महाग होती. पण भाडं वेळेवर जात होतं, चूल पेटत होती, आणि दोन्ही एकाच खोलीत होत होतं.

बाळ वर्षाचं झालं तशी लेक आईला न्यायला आली. मीही ठरल्याप्रमाणे मामांना न्यायला आलो होतो. मला अर्धवटच माहीत होतं, लेकीला तेवढंही नाही. खोलीत शिरलो तर बांधाबांध काहीच दिसेना. मामी बाळाला घेऊन खिडकीशी उभी होती.

"आई, तुझी बॅग?"

"मी येत नाही गं," मामी म्हणाली. "रागावू नकोस. आमचं चालतंय इथे. दोघांचं." आणि मग घाईने, "पण बाळाचं काय करशील तू? त्याच्यासाठी दोन महिने येते हवं तर."

लेक खाली बसली. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, डोळे पुसत पुसत. "आई, हॉस्पिटलात पाळणाघर आहे. मी मागच्या महिन्यातच नाव घातलंय. तू हवीस म्हटलं ते अशासाठी, की नुसतं 'माझ्याकडे राहायला चल' म्हटलं असतं तर तू आली नसतीस."

"म्हणजे मला कामाचं निमित्त काढून नेणार होतीस?"

"तुझ्याच पोटची आहे."

मामा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाचेबुवा, माझ्यासाठी ठेवलेली तुमची खोली आता धान्याला मोकळी झाली." मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार? मी त्यांना मनापासून न्यायला आलो होतो, आणि ते येत नाहीत ह्याचा आनंदही मनापासूनच झाला.

लेक दोन दिवस राहिली. मामांनी बाळाला कडेवर घेऊन सगळ्या गल्लीत फिरवलं. प्रत्येक दुकानात थांबले. "हा माझा नातू," असं सांगायला गेले होते, पण सांगून झाल्यावर तिथून हलेनात. मास्तरांच्या दुकानात मी बरोबर होतो. मामा म्हणाले, "मास्तर, तुमच्यामुळे..." आणि बाळाचं टोपडं सारखं करू लागले. मास्तर मान वर न करता म्हणाले, "पोराला कात्रीपासून लांब धरा." पण त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं. मग खानावळ, मग न्हावी. मामा काहीच धड बोलले नाहीत, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. मी पुष्कळ लोकांना उपकाराबद्दल चांगलं चांगलं बोलताना ऐकलं आहे. त्या दिवसाइतकं कमी बोललेलं आणि इतकं पोहोचलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीची गाडी दुपारी सुटली. माझी संध्याकाळी होती. स्टँडवरून आम्ही तिघं चालत निघालो. मी मामीला विचारलं, "आता चिंता मिटली ना?"

"मिटते कसली! ह्यांचा हात उद्या पुरता बंद पडला तर? माझे गुडघे बसले तर? आहे की चिंता." ती थोडं चालली. "पण ती आता एकाच घरात आहे. दोघांत वाटून घेता येते."

कोपऱ्यावर भाजीवाली बसली होती. दोन दिवस मामांनी तिच्याकडून पिशवी भरभरून भाजी नेली होती. तिने विचारलं, "पाहुणे गेले वाटतं? आज किती देऊ?"

मामांनी पिशवी उघडली आणि म्हणाले, "दोघांपुरती दे."